ओढणे आणि पेलणे

१. हा किती टन ओढेल?

ट्रॅक्टर घ्यायला निघालेला कास्तकार दुकानात जे विचारतो त्यात एक प्रश्न हमखास असतो: हा किती टन ओढेल? दुकानदार हॉर्सपॉवर सांगतो, लिफ्ट किती किलो उचलते ते सांगतो आणि ट्रॉलीची काळजी करू नका म्हणतो. दिवाळीनंतर कापूस निघू लागला, की हिंगणघाट, पुलगाव, देवळी, आर्वीच्या बाजारांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर या उत्तराची परीक्षा सुरू होते. ट्रॉलीच्या फाळक्यांच्या वर कापसाचा डोंगर, त्यावर दोर, दोरांवर बसलेली माणसे, आणि पुढे सगळे ओढणारा ट्रॅक्टर. तो ओढतोही. म्हणून प्रश्न सुटला असे सगळ्यांना वाटते.

या प्रकरणाचे म्हणणे असे, की प्रश्नच चुकीच्या टोकाने विचारला जातो. ओढण्याची ताकद संपण्याच्या कितीतरी आधी दुसऱ्या गोष्टी संपतात. ओढणाऱ्याच्या पाठीवर बसणारे वजन त्याला पेलते का, त्याची पुढची चाके जमिनीला पुरेशी टेकलेली राहतात का, आणि जे ओढले ते वेळेवर थांबते का, हे खरे प्रश्न आहेत. या तिन्हींचे उत्तर वजन किती आहे यापेक्षा ते कुठे बसले आहे यावर जास्त ठरते. अमेरिकेत पिकअप गाडीमागे फिरते घर जोडून सुट्टीवर निघणाऱ्या कुटुंबालाही हेच गणित लागू पडते. ते कसे, हे पुढे येईलच; सुरुवात ट्रॉलीपासून करू.

२. सपाट रस्त्यावर ओढायला लागते तरी किती?

हवा भरलेल्या टायरचे वाहन सपाट डांबरी रस्त्यावर ओढायला त्याच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के ओढ पुरते. कच्च्या रस्त्यावर ती पाच ते दहा टक्क्यांपर्यंत जाते आणि ओल्या काळ्या मातीत त्याहून पुढे. पन्नास क्विंटल सोयाबीन भरलेली ट्रॉली, तिचे स्वतःचे दीड टन वजन धरून, साडेसहा टनांची होते. डांबरी सपाटीवर तिला सुमारे १३० किलोंची ओढ लागते. बैल आपल्या वजनाच्या साधारण एक दशांश इतका जोर दिवसभर लावू शकतो आणि थोडा वेळ त्याच्या दुप्पटही. म्हणजे मिळून आठशे किलो भरणारी बैलजोडी ८० किलोंचा सततचा आणि १६० किलोंचा क्षणभराचा जोर देते. हिशेब सरळ आहे: सपाट, गुळगुळीत रस्त्यावर ही साडेसहा टनांची ट्रॉली एक बैलजोडी जागची हलवू शकेल.

आता पन्नास हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर घ्या. ताशी २० किलोमीटर वेगाने जाताना, गिअर आणि चाकांतली घट वजा करूनही, त्याच्याकडे सुमारे साडेपाचशे किलोंची ओढ उरते. १३० लागतात आणि ५५० आहेत. चढ आला तर गिअर उतरवून वेग अर्धा केला की ओढ दुप्पट होते. म्हणूनच इंजिन कधी तक्रार करत नाही आणि भरणारा आणखी दहा पोती टाकतो. इंजिनाच्या या गप्प राहण्यावरून सगळे ठीक आहे असा निष्कर्ष काढणे ही इथली मूळ चूक आहे. इंजिनाला फक्त ओढ कळते. वजन कुठे बसले आहे हे त्याला कळत नाही.

३. बंडी हाकणाऱ्याला हे माहीत होते

वर्धा जिल्ह्यात हे शहाणपण ट्रॅक्टरपेक्षा कितीतरी जुने आहे. आर्वी, आष्टी, कारंजा भागातला गवळाऊ बैल अंगाने हलका, पांढरा-करडा आणि चालीने वेगवान. ओझे वेगाने नेण्यासाठीच ही जात नावाजली. अशी जोडी बंडीला जुंपताना भरणारा माणूस आधी बंडीचा तोल पाहतो. दोन चाकांच्या बंडीत पुढे जास्त माल पडला तर जू बैलांच्या मानेवर दाबते. मागे जास्त पडला तर बंडी उलार होते, दांडी वर उचलली जाते आणि जोते बैलांच्या गळ्याला काचते. चांगला भरणारा माल थोडासाच पुढे ठेवतो, इतकाच की जू मानेवर टेकून राहावे, पण रुतू नये. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणीला बैलांच्या खांद्यांना हळद-तूप लावून शेकतात. त्या रिवाजात वर्षभर मानेवर बसलेल्या भाराची कबुली आहे. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे संचालक राहिलेले एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडी सुधारण्याचा विषय देशापुढे चिकाटीने मांडला. त्यांच्या मांडणीतही मानेवर पडणारा हा भार महत्त्वाचा होता.

बैल बोलत नसला तरी मान टाकून, अडून, सुजलेला खांदा दाखवून सांगतो. ट्रॅक्टर तेही करत नाही. बंडीच्या जागी ट्रॉली आली, जुवाच्या जागी हुक आला, पण तोल पाहायची सवय मागे पडली, कारण भार सोसणाऱ्याला आता वेदना होत नाही. हा बदल लहान वाटतो. माझ्या मते ट्रॉलीच्या पुष्कळ अपघातांचे मूळ त्यात आहे.

४. हुकावर किती वजन येते?

आपल्याकडची बहुतेक ट्रॉली एका अ‍ॅक्सलची, म्हणजे दोन्ही बाजूंची चाके एकाच आसावर असलेली. तिचे वजन दोनच ठिकाणी टेकते: चाकांवर आणि हुकावर. कुठे किती, हे काढायला शाळेतला तराजूचा नियम पुरतो. मालाचा मध्य चाकांच्या किती पुढे आहे ते मोजा, त्याला मालाच्या वजनाने गुणा आणि हुकापासून चाकांपर्यंतच्या अंतराने भागा. उत्तर म्हणजे हुकावरचा भार.

उदाहरणासाठी हुक ते चाक हे अंतर ३ मीटर धरू. ट्रॉलीची चाके हौद्याच्या मध्यापासून थोडी मागे, समजा ३० सेंटिमीटर, बसवलेली आहेत. सोयाबीनची पन्नास क्विंटल पोती सगळीकडे सारखी रचली, तर पाच हजार गुणिले ०.३ भागिले ३, म्हणजे ५०० किलो हुकावर येतात. रिकाम्या ट्रॉलीचे दीड टन असेच मोजले तर १५०. एकूण ६५० किलो. हा भार असावाच, कारण तो ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना जमिनीशी दाबून धरतो आणि चिखलात चाके फिरत राहण्यापासून वाचवतो. आता हीच पोती पुढच्या बाजूला उंच रचली आणि मालाचा मध्य चाकांच्या ६० सेंटिमीटर पुढे आला, तर हुकावर १००० अधिक १५०, म्हणजे साडेअकराशे किलो बसतात. मालात एका पोत्याचाही फरक नाही. हुकावरचा भार मात्र जवळपास पावणेदोन पट.

उलट बाजू अधिक धोक्याची आहे आणि ती नेमकी कमी माल असताना घडते. वीस क्विंटलच न्यायचे आहेत, म्हणून पोती आत ओढून नेण्याचे कष्ट वाचवत मागच्या फाळक्याजवळच टाकली. मालाचा मध्य आता चाकांच्या एक मीटर मागे आहे. दोन हजार भागिले तीन, म्हणजे सुमारे ६७० किलो हुकाला वर उचलतात. ट्रॉलीचे स्वतःचे १५० खाली दाबतात. निव्वळ ५२० किलोंचा जोर हुक आणि त्याच्यासोबत ट्रॅक्टरची मागची बाजू उचलू पाहतो. बंडी उलार झाली असती तर हाकणाऱ्याला उभ्या जागी दिसले असते. ट्रॅक्टर जड असल्यामुळे हुक जागेवरच राहतो आणि कोणाला काही दिसत नाही. रस्त्यावर मात्र अशी मागे जड असलेली ट्रॉली शेपटासारखी हेलकावते: एका बाजूला ढकलली गेली की परत सरळ येण्याऐवजी तो हेलकावा वाढत जातो.

५. हुक मागच्या चाकांच्या मागे आहे

हुकावरचा भार ट्रॅक्टरला कसा बसतो, हे त्यापुढचे. सुमारे दोन टनांचा ट्रॅक्टर घेऊ. मोकळा असताना त्याच्या पुढच्या चाकांवर ७५० आणि मागच्यांवर १२५० किलो आहेत. पुढच्या आणि मागच्या चाकांत २ मीटर अंतर आहे आणि हुक मागच्या चाकांच्या ८० सेंटिमीटर मागे. मागच्या चाकांच्या पलीकडे टाकलेले वजन ती चाके टेकू करून पुढची बाजू उचलते. भरलेली घागर कमरेवर घेतलेली बाई सरळ चालते. तीच घागर मागे लांब केलेल्या हातात धरली तर टाचांवर भार येऊन चवडे सुटू लागतात. हुकावरचे ६५० किलो पुढच्या चाकांवरचे २६० किलो काढून घेतात. उरतात ४९०. हुकावर ११५० आले तर ४६० जातात आणि उरतात फक्त २९०.

ट्रॅक्टर नीट वळायचा असेल तर त्याच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. दोन टनांच्या ट्रॅक्टरला म्हणजे ४०० किलो. सारखी भरलेली ट्रॉली ही मर्यादा पाळते, पुढे रचलेली ओलांडते. त्यात चढ आला आणि जोरात ओढावे लागले की त्या ओढीनेच पुढची चाके आणखी शंभरेक किलोंनी हलकी होतात. नागपूर-अमरावती रस्त्यावर तळेगावजवळचा सत्याग्रही घाट चढताना किंवा शेतातून पांदणीच्या काठावर चढताना स्टिअरिंग फिरवले तरी तोंड वळत नाही, चाके घसरत सरळ जातात, ते यामुळे. इंजिनात जोर उरलेला असतो. वळायला वजन उरलेले नसते.

यावर एक आक्षेप लगेच येतो: पुढे बंपरला लोखंडी वजने लावली की झाले. वजने लावावीतच, त्यांनी पुढची चाके टेकतात. पण हुकावरचा भार त्यामुळे कमी होत नाही. मागच्या अ‍ॅक्सलवर, टायरांवर आणि हुकाच्या पिनवर तो तसाच बसतो, उलट ट्रॅक्टरचे एकूण वजन वाढते. वजने नांगरणीच्या ओढीसाठी दिलेली असतात. चुकीची भरलेली ट्रॉली त्यांनी बरोबर होत नाही. ती बरोबर करायला पोती सरकवायची असतात, आणि त्याला पैसा लागत नाही.

महामार्गावर याच अडचणीवर वेगळा उपाय दिसतो. हिंगणघाटवरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वरचे लांब ट्रेलर पाहा. पुढचा ओढणारा भाग, ज्याला चालक घोडा म्हणतात, त्याच्या पाठीवर मागच्या चाकांच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे एक जाड, वंगण लावलेली गोल तबकडी असते. ट्रेलरची पिन तिच्या खाचेत अडकते. या जोडणीला फिफ्थ व्हील म्हणतात. आपले वरचेच एक टन या तबकडीवर टाकून पाहू. ती मागच्या चाकांच्या २० सेंटिमीटर पुढे असेल आणि घोड्याची लांबी सोयीसाठी तीच २ मीटर धरली, तर पुढच्या चाकांवर १०० किलो वाढतात आणि मागच्यांवर ९००. हुकावर याच एक टनाने पुढचे ४०० किलो पळवले असते. जोडणी पूर्ण एक मीटर पुढे सरकली आणि भाराचा स्वभावच बदलला. शिवाय तबकडी रुंद असल्याने ट्रेलर एका बाजूला कलू लागला तर घोड्याचे वजनही त्याला धरून ठेवते. हुकाची पिन तशी मदत करत नाही. ट्रॉली एकटीच उलटते.

मग ट्रॅक्टरलाच अशी तबकडी का नाही? कारण ट्रॅक्टर मुळात शेतात अवजारे चालवण्यासाठी घडवलेला आहे. त्याच्या मागच्या चाकांच्या मध्ये आणि वर लिफ्ट, पीटीओ, चालकाची बैठक आहे. तिथे तबकडीला जागा नाही. ज्याला रोज लांबचा माल न्यायचा आहे त्याने चार चाकांच्या ट्रॉलीचा विचार करावा. तिची पुढची चाके तिचे स्वतःचे वजन पेलतात आणि हुकावर जवळजवळ काहीच येत नाही. ती रिव्हर्स घ्यायला कटकटीची आहे आणि चिखलात ट्रॅक्टरच्या चाकांना दाबही देत नाही, हे खरे. सडकेवर हा तोटा सोसण्यासारखा आहे.

६. अर्ध्या टनाचा पिकअप

अमेरिकेत पिकअप गाड्या अर्धा टन, पाऊण टन, एक टन अशा नावांनी ओळखल्या जातात. पूर्वी ही नावे त्या पाठीवर किती माल घेतात यावरून पडली. आज आकडे बदलले, नावे राहिली. फोर्ड एफ-१५०, शेव्हरोले सिल्व्हराडो १५००, रॅम १५०० या अर्ध्या टनाच्या गटातल्या. योग्य इंजिन घेतले तर यांतल्या काही गाड्या पाच टनांहून जास्त ओढू शकतात, असे कंपन्या सांगतात, आणि ते खोटे नाही. तिथे फिरत्या घराचा एक प्रकार फिफ्थ व्हील जोडणीचा असतो: पिकअपच्या हौद्यात मागच्या चाकांवर तबकडी बसवतात आणि घराचा पुढचा भाग तिच्यावर टेकतो. वर पाहिल्याप्रमाणे ही जागा उत्तम. मग अडचण कुठे?

अडचण पेलण्यात. फिफ्थ व्हीलच्या घराचे साधारण पंधरा ते पंचवीस टक्के वजन पिनवर बसते. भरलेले घर साडेचार टनांचे असेल आणि पाचवा हिस्सा धरला तर ९०० किलो. तबकडी आणि तिचा सांगाडा सुमारे ८० किलो. आईवडील, दोन मुले मिळून २५० किलो. बेरीज १२३०. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर त्या गाडीत माणसे आणि माल मिळून किती वजन चालेल ते छापलेले असते. अर्ध्या टनाच्या गाडीत हा आकडा पुष्कळदा ७०० ते ९०० किलोंच्या आसपास असतो. म्हणजे ओढीचा आकडा अजून शिल्लक असताना पेलण्याचा आकडा कधीच संपलेला. २००५ साली टाटांनी बाजारात आणलेला आपला छोटा हत्ती पाऊण टन माल घेतो. त्या अवाढव्य अमेरिकी गाडीची पेलण्याची ताकद पुष्कळदा त्याच्याच आसपास आहे. आकार आणि इंजिन पाहून अंदाज बांधणाऱ्याला हे पटत नाही, आणि म्हणूनच तो फसतो.

तिथलाही आक्षेप इथल्यासारखाच: मागच्या स्प्रिंगांना हवेच्या पिशव्या लावल्या, गाडी सरळ दिसते, मग काय बिघडले? गाडी सरळ दिसणे म्हणजे अ‍ॅक्सल, बेअरिंग, टायर आणि ब्रेक यांची ताकद वाढणे नव्हे. पाठीवर तेवढेच वजन आहे. फक्त ते दिसेनासे झाले. आपल्याकडे जादा पाटे टाकून घेतलेल्या गाड्यांचे हेच म्हणणे असते आणि त्याचे उत्तरही हेच आहे. ओढून नेण्याची फिरती घरे आपल्याकडे क्वचितच दिसतात. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, पण इथली बहुतेक कॅराव्हॅन स्वतःच्या इंजिनावर चालणारी आहेत. बोर व्याघ्र प्रकल्पाच्या वाटेवर उद्या कोणी मागे घर जोडून निघालाच, तर त्याने ओढीचा आकडा बाजूला ठेवून त्या दाराच्या चिठ्ठीपासून सुरुवात करावी.

७. कापसाची उंची

वजन पुढे-मागे कुठे आहे हे पाहिले. आता किती उंचावर आहे ते. कापूस हलका, म्हणून तो निर्धोक, असा समज आहे. हिशेब मांडू. ट्रॉलीच्या दोन बाजूंच्या चाकांत १.८ मीटर अंतर आहे, म्हणजे मध्यापासून एका चाकापर्यंत ०.९ मीटर. पन्नास क्विंटल सोयाबीन भरले तर ट्रॉली आणि माल मिळून वजनाचा मध्य जमिनीपासून साधारण दीड मीटरवर येतो. पंचवीस क्विंटल कापूस फाळक्यांच्या वर रचला तर तो १.८ मीटरवर जातो. वाहन उलटवायला बाजूने किती जोर लागतो हे ०.९ ला या उंचीने भागून कळते. सोयाबीनला वजनाच्या ६० टक्के, कापसाला ५०. चार टनांची कापसाची ट्रॉली साडेसहा टनांच्या सोयाबीनच्या ट्रॉलीपेक्षा सहज उलटते.

पन्नास टक्के म्हणजे भरपूर वाटतात, पण ते कसे खर्च होतात ते पाहा. समोरून बस आली, ट्रॉलीचे डावे चाक डांबरावरून खाली ३० सेंटिमीटर खोल बाजूपट्टीत उतरले. या कलण्यानेच सुमारे १७ टक्के गेले, उरले ३३. त्याच वेळी रस्ता उजवीकडे वळतो आहे, वळणाची त्रिज्या १५ मीटर. ताशी २० किलोमीटर वेगाला हे वळण २१ टक्के मागते, ट्रॉली निभावते. ताशी २५ ला ते ३३ टक्के मागते आणि ट्रॉली अगदी काठावर उभी राहते. म्हणजे पाच किलोमीटरच्या फरकात सगळी शिल्लक संपली. प्रत्यक्षात स्थिती याहून वाईट असते, कारण टायर दबतात आणि कलत्या बाजूला कापूस सरकतो. वर माणसे बसली असतील तर मध्य आणखी वर जातो, आणि ट्रॉली कलंडली तर सर्वांत आधी तीच खाली सापडतात. कापसावर मजूर बसवून नेण्याची सवय पूर्णपणे बंद व्हायला हवी. यात तडजोडीला जागा दिसत नाही.

८. थांबवणे

बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात, आणि पुष्कळ ट्रॉल्यांना ब्रेकच नसतात. चाक रस्त्याला जितके दाबलेले, तितकाच ब्रेक लागतो. कोरड्या डांबरावर त्या दाबाच्या साधारण साठ टक्के. नीट भरलेल्या सोयाबीनच्या ट्रॉलीमुळे मागच्या चाकांवर सुमारे २१६० किलो आहेत. म्हणजे १३०० किलोंचा रोध, आणि थांबवायचे आहेत ट्रॅक्टरसकट साडेआठ टन. ताशी २० वेगाला ब्रेक लागल्यानंतर सुमारे १० मीटर, ३० ला २३ आणि ४० ला ४१ मीटर लागतात. वेग दुप्पट झाला की अंतर चौपट. चालकाला ब्रेक दाबायला लागणारा एक सेकंद यात धरलेला नाही.

आता वीस क्विंटल पोती फाळक्याजवळ टाकलेली ती ट्रॉली आठवा. तिने हुक उचलून धरल्याने मागच्या चाकांवर जेमतेम सव्वापाचशे किलो उरले. रोध ३१५ किलो, थांबवायचे साडेपाच टन. ताशी ३० वेगाला ६० मीटरहून जास्त अंतर लागते. माल निम्म्याहून कमी, आणि थांबायला जवळपास तिप्पट रस्ता. शंभर मीटरला पाच मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर तर ही ट्रॉली ब्रेकने जवळजवळ थांबणारच नाही. ‘ट्रॉली अर्धीच होती, तरी कशी काय गेली’ असे अपघातानंतर ऐकू येते. ती अर्धी होती हे उत्तराचाच भाग असू शकते. शेतात एका बाजूला पटकन वळण्यासाठी डावा-उजवा ब्रेक वेगळा दाबता येतो. सडकेवर येताना दोन्ही पेडल जोडणारी पट्टी लावलीच पाहिजे, नाहीतर एकच चाक धरते आणि मागची ट्रॉली ट्रॅक्टरला आडवे ढकलते. मोठ्या ट्रेलरला हवेचे ब्रेक असतात, अमेरिकी फिरत्या घराला विजेचे. ओढल्या जाणाऱ्याने स्वतःला थांबवावे हे तत्त्व तिथे कधीच मान्य झाले आहे. ट्रॉलीला ब्रेक बसवण्याचा खर्च एका अपघाताच्या खर्चापुढे किरकोळ आहे.

इतकी वर्षे असेच भरतो, कधी काही झाले नाही, हा शेवटचा आक्षेप. तो प्रामाणिक आहे. पण वरचे हिशेब पुन्हा पाहिले तर कळते, की एकच चूक एकटीने क्वचित घात करते. पुढे रचलेला माल सपाटीवर चालून जातो, उंच कापूस सरळ रस्त्यावर चालून जातो. चूक आणि चढ, चूक आणि वळण, चूक आणि समोरून आलेली बस एकत्र आली की शिल्लक संपते. न झालेला अपघात म्हणजे अजून ती भेट झालेली नाही, इतकेच. कायदाही एकूण वजनापाशी थांबत नाही. जुलै २०१८ मध्ये केंद्राने मालवाहनांच्या मर्यादा वाढवल्या, तेव्हा प्रत्येक अ‍ॅक्सलचा आकडा वेगळा दिला. चार टायरच्या एका अ‍ॅक्सलला १०.२ ऐवजी ११.५ टन. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला वीस हजार रुपये आणि जादा टनामागे दोन हजार असा दंड आहे. पण हुकावर किती बसले हे तिथेही कोणी मोजत नाही. ते ज्याचे त्यालाच मोजावे लागते.

९. वजनकाट्यावर

मोजणे अवघड नाही, कारण बाजार समितीत किंवा जिनिंगवर ट्रॉली वजनकाट्यावर चढतेच. आधी मोकळा ट्रॅक्टर एकदा काट्यावर घ्या आणि दोन आकडे वहीत लिहून ठेवा: फक्त पुढची चाके काट्यावर असतानाचे वजन आणि संपूर्ण ट्रॅक्टरचे वजन. हे वर्षातून एकदाच करायचे. मग भरलेली ट्रॉली जोडून काट्यावर चढताना पहिल्यांदा फक्त पुढची चाके वर आली की थांबा आणि आकडा बघा. मोकळ्या ट्रॅक्टरच्या एकूण वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा तो कमी असेल तर माल फार पुढे आहे किंवा फार आहे. मोकळ्या ट्रॅक्टरच्या पुढच्या आकड्यापेक्षा तो जास्त असेल तर माल मागे आहे आणि हुक उचलला जातो आहे. मग थोडे पुढे घ्या, ट्रॅक्टरची चारही चाके काट्यावर आणि ट्रॉलीची बाहेर. या आकड्यातून मोकळ्या ट्रॅक्टरचे वजन वजा केले की हुकावरचा भार मिळतो. वजाबाकी शून्याखाली गेली तर ती ट्रॉली त्या दिवशी सुदैवाने बाजारापर्यंत पोचली आहे.

हंगामात काट्यापाशी रांग असते आणि मागचे हॉर्न वाजवतात, त्यामुळे प्रत्येक खेपेला हे जमणार नाही. जमायला हवे असेही नाही. सोयाबीनची एक, कापसाची एक आणि अर्ध्या मालाची एक, अशा तीन खेपा मोजल्या की कोणत्या फाळक्याजवळ किती थर रचायचे हे हौद्यावर रंगाने खूण करून ठेवता येते, आणि पुढच्या भरणाऱ्याला ती खूण पुरते. बाजार समित्यांनी हंगामाच्या आधीच्या आठवड्यात काटा एक दिवस यासाठी मोकळा ठेवला, तर एका दिवसात कितीतरी ट्रॅक्टरांचे मोकळे आकडे घेऊन होतील.